बाळंतपणावाचून पथ्य

कोरोना मलाही झाला होता. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी मी कढी-भात खाल्ला आणि पाचव्या दिवशी गोठा झाडला. त्यामुळे सहा महिने झाले तरी सून उठत नाही, हे मला पटत नव्हतं. सत्तरीची म्हातारी उठते आणि तिशीची बाई भिंतीला टेकून बसते, याला मी आजार म्हणत नव्हते. नाटक म्हणत होते, आणि तोंडावर म्हणत होते.

आमचं गाव वडनेरहून थोडं आत आहे. घरात आम्ही तिघं, मी, माझा मुलगा आणि ही सून. तिचं माहेर आर्वीचं. बाप नाही, आई बाजारात भाजी घेऊन बसते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. केळझरच्या गणपतीला मी नारळ बोलून ठेवला होता, तो फोडायची वेळ काही आली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यात तिच्या आजाराचा राग थोडा होता आणि हा राग जास्त होता.

दुसऱ्या लाटेत ती अकरा दिवस वर्ध्याला दवाखान्यात होती, नाकाला नळी लावून. परत आली तेव्हा गल्लीतल्या बायका लांबूनच "वाचली बाई" म्हणाल्या. मलाही वाटलं, वाचली, आता कामाला लागेल. ती लागलीही. पण अर्धं अंगण झाडलं की खराटा तिथेच टाकून ओट्यावर बसायची. दूध तापायला ठेवून विसरायची. भाजीत एक दिवस मीठ दोनदा, एक दिवस नाहीच. सकाळी तिची बोटं अशी आखडलेली असायची की पीठ मळता येत नव्हतं. मुलगा ताट पुढे ढकलून उठून जायचा. बोलायचा नाही. बोलायचं काम माझ्याकडे होतं.

"काऊन बसली?"

"दम लागून राह्यला, आत्याबाई."

"अंगण झाडाले दम? अंगण आहे का गड आहे?"

ती पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा खराटा घ्यायची. मग संध्याकाळी झोपायची ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मला ते बरोबर जुळत होतं. काम सांगितलं की झोपते.

दिवाळीनंतर मुलानं तिला पुन्हा वर्ध्याला दाखवायचं ठरवलं. त्याचा कापूस निघत होता, म्हणून सोबत मला जावं लागलं. डॉक्टरीण अगदी तरुण पोरगी होती. सगळे कागद पाहून म्हणाली, "आजी, कोरोना गेला, पण त्यानं शरीरात केलेली सूज गेलेली नाही."

मी म्हटलं, "कुठं आहे सूज? दाखवा."

"आत आहे. बाहेरून दिसत नाही."

"दिसत नाई त तुम्हाले कशी दिसली?"

ती हसली नाही. म्हणाली, या दुखण्यावर एकच अशी गोळी नाही. वेळ लागेल. खाणं बदला. साखर, गूळ, मैदा, तळलेलं, पुड्यातलं बंद करा, तेल हात राखून घाला. ज्वारीची भाकरी, डाळी, हिरव्या पालेभाज्या, हळद, जवस, आवळा, पेरू, हे रोज द्या. "यानं जादू होणार नाही, पण आतली सूज कमी व्हायला मदत होईल," म्हणाली. आणि सुनेकडे वळून दोनदा सांगितलं की थकल्यावर बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं. एकदा का फार थकलीस तर कमावलेलं सगळं जाईल. हे सगळं तिनं कागदावर लिहून दिलं.

मी विचारलं, "किती दिवस पथ्य?"

"बरं वाटेपर्यंत."

हे मला मुळीच आवडलं नाही. आमच्याकडे पथ्य एकच असतं, बाळंतिणीचं, आणि त्याचे दिवस ठरलेले असतात. सव्वा महिना. तेवढे दिवस बाईला डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तूप, खोबरं, शेक. कोणी तिला घमेलं उचलायला सांगत नाही. पण त्याआधी तिनं मूल काढून दाखवलेलं असतं. माझी तीन बाळंतपणं झाली, एकच पोरगा जगला, आणि सव्वा महिना मला एकदाही पुरा मिळाला नाही. सासूनं बाविसाव्या दिवशी शेणाचं घमेलं हातात दिलं. आणि ही, जिच्या मांडीवर काही नाही, तिला डॉक्टरीण बिनदिवसांचं पथ्य लिहून देते. बसमध्ये मी तिच्याशी हिंगणघाटपर्यंत एक शब्द बोलले नाही.

घरी मुलगा म्हणाला, "आई, कागदावर आहे ते दे तिले."

कागद मी वाचू शकते, चौथीपर्यंत शिकले आहे. पण वाचला नाही. देवाच्या फोटोमागे खोचून दिला. पथ्य म्हणजे काय हे मला कागदानं सांगायची गरज नव्हती. मी डिंक तळला, मेथी दळली, खारीक कुटली, भरपूर तूप आणि गूळ घालून डबाभर लाडू बांधले. खर्चाला मी मागे-पुढे पाहिलं नाही. पथ्य पाहिजे ना, मग घे पथ्य.

ती म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं गोड नाई म्हटलं."

"गूळ गोड नसते, औषध असते. खा."

रोज सकाळी दोन लाडू मी तिला माझ्यासमोर बसवून खायला लावत होते. तिनं खाल्ले. दहा-बारा दिवसांत तिचं तोंड सुजल्यासारखं झालं, पोट जड झालं, दुपारपर्यंत अंथरुणातून उठेना. मी म्हटलं, एवढं तूप ज्याच्या पोटात जाईल तो झोपेलच.

पण डिंकाचा आणि मेथीचा वास लपत नाही. आमच्या गल्लीत या वासाचा एकच अर्थ आहे, घरात पाळणा हलणार. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी चार बायका आल्या. पुढे माझी शेजारीण, माझ्याच वयाची, जीभ माझ्याहून तिखट. तिनं एक नारळ आणि खण आणला होता.

"कितवा लागला व?" तिनं सुनेला विचारलं.

सुनेनं पदर ओढून घेतला.

"लाजते काय? आम्ही काय परके आहो? लाडवाचा वास सडकेपर्यंत येऊन राह्यला."

"पहिल्यांदा अशीच लाजते," दुसरी म्हणाली. "तोंडावर पाह्य ना, कशी भरली."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी साधं बोलून वेळ मारून न्यावी, एवढंच तिला पाहिजे होतं. मला ते समजलं होतं. बिमारीचं पथ्य आहे, असं म्हटलं असतं तर संपलं असतं.

मी म्हटलं, "कितवा नाई अन् पहिला नाई. वांझेचं पथ्य आहे हे. पोटात लाडूच आहे."

आधी कोणी हसलं नाही. मग शेजारीण हसली, मग सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. शेजारणीनं नारळ आणि खण उचलून पुन्हा पिशवीत टाकला. सून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले तर लाडवांचा डबा रिकामा पडलेला आणि गाय गव्हाण चाटत होती. तुपाचे लाडू तिनं गाईला घातले होते. मी अंगणात उभी राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिनं सगळं ऐकलं, मग घरात जाऊन फोटोमागचा कागद काढला आणि चुलीशेजारच्या खिळ्याला टोचला.

"आजपासून माह्यं मी पाहीन," म्हणाली.

"पाह्य. पण पोळ्यापर्यंत. पोळ्याले तू बाकीच्या सुनांसारखी उभी दिसली त ठीक. नाई त तुले आर्वीच्या बसमध्ये बसवतो अन् पोराचं दुसरं पाहतो."

मुलगा तिथेच दात घासत होता. तो घासतच राहिला. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

मग ती आपलं वेगळं रांधू लागली. वडनेरच्या बाजारातून जवस आणला, भाजला, लसूण-मिरची घालून कुटला. सकाळी भाकरी आणि जवसाची चटणी, वर तेल नाही. तुरीचं पातळ वरण, त्यात हळद आणि मिऱ्याची पूड. चहा बिनसाखरेचा. पेरू. आवळ्याच्या दिवसांत आवळे, मीठ लावून वाळवून ठेवलेले. पाऊस लागला तसा बांधावरून तरोट्याचा कोवळा पाला खुडून आणायची, कधी घोळ, कधी अंबाडी.

ते ताट पाहून मला चीड यायची आणि ती कशाची हे मी सांगू शकते. ते माझ्या लहानपणीचं ताट होतं. तेव्हा जवस शेताशेतात होता, थंडीत निळी फुलं यायची. तरोटा आम्ही खाल्ला कारण दुसरं काही नव्हतं. गव्हाची पोळी सणाला, साखर पाहुण्याला. पुढे दिवस पालटले. सोयाबीन आलं, तेलाचे डबे आले, भाजीवर बोटभर तर्री आली. कोणी जेवायला आलं आणि वाटीत तेल तरंगत नसलं तर आम्हाला लाज वाटू लागली. एवढ्या वर्षांनी ही माझ्याच घरात, सगळ्या गावाच्या देखत, बांधावर तरोटा खुडत होती.

शेजारीण बोललीच. "सुनेले तरोटा चारून राह्यली काय व? एवढी वाईट वेळ आली?"

मी घरी येऊन पाल्याची टोपली अंगणात उपडी केली. "माह्या घराची इज्जत काढून राह्यली तू. लोक म्हणतात, सासू उपाशी मारते."

ती खाली बसून पानं वेचायला लागली. "लोकायले काय म्हणाचं ते म्हणू द्या. मले याच्यानं हात वळते."

ते खरं होतं. आषाढात तिची बोटं सकाळी मिटत होती आणि उघडत होती. ती पूर्ण अंगण झाडत होती, पण तिच्या पद्धतीनं. चार हात झाडायचं, बसायचं. मग चार हात. पीठ मळायचं, बसायचं. थकली म्हणून नाही, थकायच्या आधी. दूध उतू जाणं बंद झालं. मीठ बरोबर पडू लागलं. एकदा गाणं गुणगुणताना मी तिला ऐकलं. पोळ्याला महिना होता आणि ती जिंकणार असं दिसत होतं. मला त्याचा आनंद झाला, असं मी लिहू शकते. लिहीत नाही, कारण झाला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कातडी कडक होते, ती तूप-हळद लावून, पळसाच्या पानानं शेकून मऊ करायची. मग बैलांना जेवायचं आमंत्रण द्यायचं. तेव्हा आमच्या डाव्या बैलाचा खांदा सुजला होता, मुलानं त्याला पंधरा दिवस जुपला नव्हता. मी हळद लावत होते. सून वाटी धरून उभी होती.

मी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलानं कान हलवला. सून म्हणाली, "याले पंधरा दिवस कायले बसवलं, आत्याबाई?"

"खांदा सुजला ना. असा जुपला त मरंल."

"हो," ती म्हणाली. एवढंच. वाटी खाली ठेवली आणि आत गेली.

ती काय बोलली ते मला तिथल्या तिथे कळलं. लोकांना वाटतं, कळलं की माणूस नरम होतो. मी झाले नाही. मी रात्रभर धुमसले. माझ्या घरातली हळद, माझा बैल, आणि तिनं त्याच्या आडून मला सुनावलं. पहाटेच मी मुलाच्या दोन मावश्यांच्या घरी निरोप पाठवला, यंदा सगळ्यांनी पोळ्याला आमच्याकडे जेवायला या. एकोणीस माणसं झाली. पुरणाचा सगळा स्वयंपाक मी सुनेवर टाकला.

"तू बरी झाली ना? दाखव मंग."

तिनं नाही म्हटलं नाही. पोळा आला होता, शब्द माझा होता, आणि बस कोणती ते तिला माहीत होतं. पहाटेपासून तिनं डाळ शिजवली, पुरण वाटलं, वडे तळले, कढी केली, आणि पोळ्या लाटायला उभी राहिली. एकदा ती चुलीपासून मागे सरकून पाटावर बसली. मी दारातून म्हटलं, "बसली काय? बैल दारात येऊन राह्यले." ती उठली. पुन्हा बसली नाही. बैलांना नैवेद्य दाखवला, माणसं जेवली, आणि सगळ्यांसमोर मी तिच्या ताटात तुपात भिजवलेली पुरणपोळी वाढली. घरच्या सुनेनं सणाचं पुरण नाकारायचं नसतं. तिनं ती पूर्ण खाल्ली. घास तोंडापर्यंत न्यायला तिला दुसऱ्या हाताचा आधार लागला, ते मावश्यांनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोळे उघडे, पण कूस बदलायला दम लागत होता. बोटं पुन्हा आखडली. पाणी पाजताना मुलाला तिची मान धरावी लागली. आठ-नऊ महिने तिनं एकेका घासानं जमवलेलं होतं, ते मी एका दिवसात उधळून टाकलं. डॉक्टरिणीनं हेच सांगितलं होतं आणि मी तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

वीस दिवसांनी ती भिंत धरून उभी झाली. पोळा उलटून गेला होता. मुलानं मला विचारलं, "मंग काय करू?"

मी म्हटलं, "बोलल्यापरमानं."

तो तिला आर्वीला सोडून आला. तिनं कपड्यांची एक पिशवी घेतली, जवसाचा डबा घेतला, खिळ्याचा कागद घेतला. माझ्या पाया पडली नाही.

त्यानंतर वर्ष आणि वर काही महिने गेले. मुलाचं दुसरं पाहू म्हणाले होते, पाहिलंही. तीन घरी गेलो. तिन्ही घरी आमच्या आधी बातमी पोचली होती. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "बिमार पोरीकडून एकोणीस लोकायचा पोळा करून घेतला तेच ना तुम्ही?" गावात शेजारीण होतीच सांगायला. माझे गुडघे तोवर गेले होते. चूल मीच पेटवत होते, भाकरी मीच थापत होते, मुलगा ताट ढकलून उठून जात होता. तेव्हा मी ठरवलं, सुनेला घेऊन यायचं. तिची आठवण आली म्हणून गेले नाही. घर चालत नव्हतं म्हणून गेले.

आर्वीला डेपोवर उतरून विचारत विचारत गेले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. विहीणबाई पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सून आत शिलाई मशीनवर बसली होती. मी तिला ओळखलं, पण क्षणभर वेळ लागला. अंग सुटसुटीत झालं होतं, बांगड्या मनगटावर खाली-वर होत होत्या. मला पाहून तिनं मशीन थांबवलं. उठली नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "या. बसा." पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"तब्येत बरी दिसते," मी म्हटलं.

"पुरी नाई," सून म्हणाली. "जिना चढलो त अजून दम लागते. पण हाताची सूज गेली. आई उरलेली भाजी आणते, तेच खातो."

"मी तुले न्याले आली."

तिनं दोरा तोडला. मग विचारलं, "कोण म्हटलं? त्यायनं म्हटलं का?"

"तो काय म्हणते, तुले माहीत आहे. मी म्हणतो."

"तुमचे गुडघे दुखते का, आत्याबाई? तुम्ही उंबरठ्यावर हात टेकवला."

"दुखते."

"मंग म्हणून आल्या."

विहीणबाईंनी जुडी बांधायची थांबवली. मी खोटं बोलणार नव्हते. म्हटलं, "हो. म्हणूनच आली. चल, आता तुले पाहिजे तसं रांध, पाहिजे तेव्हा बस. मी बोलणार नाई."

"तुम्ही बोलल्याशिवाय राहू शकत नाई," ती म्हणाली. रागानं नाही, मशीनची सुई पाहत. "अन् मी आता ऐकू शकत नाई. ऐकलं की रातभर छाती धडधडते अन् दुसरा दिवस जाते. एक दिवस घालवणं मले परवडत नाई. मी येत नाई."

"नवऱ्याचं घर आहे ते."

"आहे. त्याले म्हणा, सोडचिठ्ठीवर सही लागंल त मी वर्ध्याले येईन. तिथंच देईन."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. आईनं मुलीला समजवावं अशी रीत आहे. त्या म्हणाल्या, "भाकरी टाकतो, जेवून जा. उन्हाचं उपाशी नका जाऊ." त्यांनी परात ओढली.

मी जेवले. भूक लागली होती, बस दुपारची होती. सून तोवर पुन्हा शिवायला लागली होती. थोडं शिवायची, हात मांडीवर ठेवून थोडी बसायची. मी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत होते, तिनं वर पाहिलं नाही. जाताना "येतो" म्हटलं. आमच्यात जातो म्हणत नाहीत. ती म्हणाली, "सांभाळून जाजा."

वडनेरला मुलगा गाडी घेऊन थांबला होता. बसमधून मी एकटी उतरले ते त्यानं पाहिलं, मागचा दरवाजाही पाहिला.

"आली नाई?"

"नाई. सही लागंल त वर्ध्याले येतो म्हणे."

त्यानं गाडीचं हँडल वळवलं. मग म्हणाला, "मंग भाकरी कोण करंल?"

मी गाडीवर मागे बसले, पाय उचलून ठेवायला दोन्ही हात लागले. म्हटलं, "तू. आज शिकवतो तुले. चाल."